मंडळीची परसबाग

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका गावी, एका छोट्या चर्चच्या आवारात, विहिरीच्या काठावर बसलो होतो. विहिरीला पाणी भरपूर होते, आणि त्या भागात एप्रिलमध्ये असे दृश्य सहसा दिसत नाही. भोवती दहाबारा स्वयंसेवक होते. त्यांत दोन शिक्षिका, एक निवृत्त कंपाउंडर, बचत गटातल्या काही बाया आणि कॉलेजात जाणारी तीन मुले होती. आवारातील पडीक तुकड्यावर त्यांना सामाईक परसबाग करायची होती. गावातील कोणीही यावे, काम करावे आणि भाजी घेऊन जावे अशी कल्पना. पहिली लागवड त्यांनी जानेवारीत केली होती. मेथी, मिरची, कांदा सगळे काही करपून गेले, पालक तेवढा कसाबसा तगला.

"सर, पानी देऊ देऊ मेली झाडं," एक मावशी म्हणाल्या.

त्यांचे निदान अचूक होते. आम्ही बरोबर नेलेले विद्युतवाहकता मोजण्याचे छोटे यंत्र विहिरीच्या पाण्यात बुडवले, तर आकडा साडेतीनच्या आसपास आला. गोड पाण्याच्या विहिरीत तो एकाच्या खाली असतो. हे गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन या पट्ट्यात मोडते. आपल्या जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके या पट्ट्यात येतात. इथल्या भूजलात क्षार आहेत. पाणी वाफ्यात दिले की ते उडून जाते आणि मीठ मागे राहते. दुसऱ्या पाळीला आणखी थोडे मीठ. मुळांभोवतीचे पाणी इतके खारट होते की वाफा ओला असूनही रोप तहानेने मरते. कांदा, मिरची, घेवडा, गाजर ही पिके या बाबतीत फार नाजूक. पालक आणि बीट त्या मानाने सोशिक.

निघताना तिथल्या पाळकांनी एक प्रश्न विचारला. चर्चच्या लोकांनी असली सामाईक बाग पूर्वी कुठे केली होती का, आणि ती करायला ते शिकले कुणाकडून? आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, त्यातून हा लेख झाला.

सुरुवात जवळूनच केली पाहिजे, म्हणजे वऱ्हाडातील दुष्काळापासून. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ चार वर्षांच्या आत पडले. दुसरा तो संवत १९५६चा, 'छपन्न्या' म्हणून लोकांच्या लक्षात राहिलेला. दोन्ही वेळी प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती होती हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण पाऊस न पडणे वेगळे आणि माणसे उपाशी मरणे वेगळे. वऱ्हाडची जमीन काळी, कसदार. खामगाव ही कापसाची मोठी पेठ. तिच्यासाठी जलंबहून खास रेल्वेचा फाटा टाकून १८७० साली तो सुरू करण्यात आला होता. शेतात अन्न कमी आणि कापूस जास्त, हातात रोकड आली तर धान्य विकत घ्यायचे, असा व्यवहार होता. 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या ग्रंथात लक्ष्मण सत्या यांनी कापसाची वाढ आणि दुष्काळाची तीव्रता यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. १८९१च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ला सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायची ती घटली.

या काळात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनची केंद्रे खामगाव, बुलढाणा, मलकापूर, अकोला या भागांत होती. दुष्काळात पोरकी झालेली मुले अशा मिशनांच्या आवारांत आली. एका रात्रीत घर शेकडो माणसांचे झाले. त्यांना खायला काय घालायचे, हा प्रश्न धर्मशास्त्र शिकून आलेल्या मंडळींपुढे उभा राहिला.

त्या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या प्रमाणावर सामोऱ्या गेल्या पंडिता रमाबाई. भूक त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. सत्तरच्या दशकातील दुष्काळात, १८७४ साली, त्यांचे आईवडील गेले. पाठोपाठ बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास रानातली बोरे बियांसकट गिळून चालत राहिले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' काढले आणि नंतर ते पुण्यास नेले. अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीची हमी दहा वर्षांची होती. ती संपल्यावर संस्था चालावी कशी, याचे रमाबाईंचे उत्तर होते फळबाग. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव येथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन घेतली. संत्री, लिंबू, आंबा लावायचा आणि उत्पन्नावर सदन चालवायचे, असा हिशेब होता.

हिशेब बरोबर होता, पण काळाने तो मोडला. फळझाडाला फळ धरायला पाचसहा वर्षे लागतात. दुष्काळ एवढा थांबला नाही. १८९६च्या अखेरीस रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि पुढच्या काही महिन्यांत तेथील दुष्काळी छावण्यांतून सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धास्ती होती आणि इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून त्यांची रवानगी केडगावच्या शेतावर झाली. आधी तंबू, मग इमारती. हेच पुढे 'मुक्ती' झाले. छपन्न्याच्या वेळी, १९०० साली, तिथे सुमारे दीड हजार माणसे आणि शंभरावर गुरे होती. ज्या जमिनीवर फळबागेचे उत्पन्न यायचे, तिथे रोजच्या जेवणासाठी भाजी पिकवणे भाग पडले.

याचे गणित आम्ही करून पाहिले. ते आमचे आहे, मुक्तीच्या वह्यांतले नव्हे. माणशी रोज २०० ग्रॅम भाजी धरली तर दीड हजार माणसांना रोज ३०० किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ११० टन. भरपूर शेणखत घालून एका एकरात वर्षभरात आठ टन भाजी निघते असे धरू. चौदा एकर बारमाही बागायत हवी. दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी दिले तर एकरी वीस हजार लिटर; चौदा एकरांना २ लाख ८० हजार लिटर, रोज. हे पाणी पंपाने नव्हे, मोटेने काढायचे. चांगली बैलजोडी दिवसभरात पन्नास-साठ हजार लिटर उपसते असे मानले, तर पाच मोटा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायला हव्यात. पाच धावा, पाच थारोळी, दहा बैल, त्यांचा चारा. तोही दुष्काळात! आणि केडगाव आहे पर्जन्यछायेत, जिथे चांगल्या वर्षीही पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अशा संस्थेचा आधार शेवटी विहिरी असतात. रमाबाईंनी केडगावात विहिरी खणण्यावर एवढा खर्च का केला, हे या आकड्यांवरून कळते.

एवढा खटाटोप भाजीसाठी कशाला, धान्य आणून वाटले तर पोट भरतेच, असे कोणी म्हणेल. दुष्काळी छावणीत धान्य मिळे. पण नुसत्या धान्यावर जगणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येते, संध्याकाळी दिसेनासे होते. 'व्हिटॅमिन' या शब्दाचा जन्म १९१२चा, म्हणजे केडगावच्या वाफ्यांनंतरचा. तरीही हिरवा पाला आणि लिंबू यांनी माणसे सुधारतात, हे अनुभवाने माहीत होते. शेवग्याचा मूठभर पाला काय करतो याचे रसायनशास्त्र कळण्याआधी आपल्या आज्यांनी त्याची भाजी केलेलीच होती.

या इतिहासाची एक बाजू सांगितली पाहिजे. दुष्काळातले अन्न आणि धर्मांतर यांची सांगड घातली जाते, हा आरोप तेव्हा मिशनांवर झाला. रमाबाईंवर तर शारदा सदनाच्या वेळीच, १८९३ साली, पुण्यात मोठे वादळ उठले होते. आश्रयाला आलेल्या मुलींपुढे दुसरा पर्याय किती होता, हा प्रश्न रास्त आहे. त्या मुलींना दुसऱ्या कुणी जेवू घातले असते का, हाही तितकाच रास्त आहे. बागेच्या संदर्भात या वादाचा अर्थ एवढाच की वाफा कुणाचा आणि भाजी कुणाची, हे आधी ठरावे लागते. केडगावला ते सोपे होते. सगळे एका घरात राहत आणि एका चुलीवर जेवत. गावात तसे नसते.

गावातील मोकळ्या कुटुंबांसाठी बाग करण्याचा प्रयोग आम्हाला सापडला तो इंग्लंडमध्ये, आणि तो करणारा आमच्याच व्यवसायातला निघाला. जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजासाठी तरुण डार्विनचे नाव सुचवणारे हेच. विज्ञानाच्या पुस्तकांत त्यांची गोष्ट बहुधा इथेच संपते. पण हेन्स्लो पाळकही होते. १८३७ मध्ये सफोक परगण्यातील हिचम या गावाचे चर्च त्यांच्याकडे आले आणि १८३९ पासून ते तिथेच राहायला गेले. गाव हजारभर वस्तीचे, बहुतेक शेतमजूर, मजुरी तुटपुंजी.

हेन्स्लोंनी मजुरांना पाव एकराचे, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांचे तुकडे खंडाने देण्याची योजना मांडली. १८४५ मध्ये जमीनमालकांना उद्देशून त्यांनी यावर एक पत्रकही छापले. विरोध कुणी केला? गावातल्याच मोठ्या शेतकऱ्यांनी. मजुराकडे स्वतःचे दहा गुंठे आले की तो आपल्या शेतावर दमेल कसा, तिथली शक्ती घरच्या वाफ्यासाठी राखून ठेवील, बियाणे आपल्या कोठारातून चोरील, अशी त्यांची तक्रार होती. तुकडा घेणाऱ्याला कामावर ठेवायचे नाही, इथपर्यंत मजल गेली. हेन्स्लो हटले नाहीत. त्यांनी तुकडे दिले आणि वर पाळकवाड्याच्या हिरवळीवर भाजीपाल्याची प्रदर्शने भरवून बक्षिसे वाटली. परसबागेला विरोध होऊ शकतो हे आम्हाला आधी पटले नव्हते. पण विचार केल्यावर लक्षात आले की भाजी पिकवणारा मजूर शनिवारच्या मजुरीसाठी थोडा कमी लाचार होतो, आणि तेच खटकले असणार.

याच गृहस्थांनी गावच्या शाळेत मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवले. फुले आणायची, पाकळ्या सुट्या करायच्या, पुंकेसर मोजायचे, तक्ता भरायचा. शेतमजुरांच्या मुलामुलींसाठी काढलेल्या या पद्धतीच्या टिपणांवरून पुढे डॅनियल ऑलिव्हर यांचे १८६४चे वनस्पतिशास्त्राचे प्राथमिक पुस्तक तयार झाले. १८४५-४६ मध्ये बटाट्यावर करपा आला तेव्हा नासलेल्या बटाट्यातून खाण्याजोगे पिष्ट वेगळे कसे काढायचे, हे हेन्स्लोंनी गावकऱ्यांना दाखवले. किसायचे, पाण्यात धुवायचे, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. अगदी आपल्या गव्हाच्या सत्त्वासारखे.

मात्र हिचमला लगेच आदर्श मानू नये. त्या काळी इंग्लंडात पाद्र्यांनी दिलेल्या अशा तुकड्यांच्या नियमांत पुष्कळ ठिकाणी रविवारी कुदळ धरायची नाही, चर्चला नियमित यायचे, अशी कलमे असत. बाग हाताला काम देई आणि लगामही घाली.

चर्च बागेच्या मागे नेहमीच उभे राहिले असेही नाही. १८९३च्या मंदीनंतर अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात हजारो कामगार बेकार झाले. महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातील मोकळे भूखंड बेकारांना बटाटे लावण्यासाठी द्यायचे ठरवले आणि अवजारे-बियाण्यांसाठी चर्चांना वर्गणी मागितली. सगळ्या चर्चांतून मिळून जमले १३ डॉलर ८० सेंट. शेवटी पिंग्रींनी स्वतःचा उमदा घोडा लिलावात काढला. १८९४ मध्ये ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनी लागवड केली आणि खर्चाच्या कितीतरी पट माल निघाला. आधी टिंगल करणाऱ्या इतर शहरांनी मग हीच योजना उचलली.

पाळकांच्या प्रश्नाचा दुसरा भाग होता, शिकले कुणाकडून? याचे प्रामाणिक उत्तर देणारा माणूस अलाहाबादला होता. सॅम हिगिनबॉटम १९०३ साली मिशनरी म्हणून भारतात आले आणि तेथील कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. शिकवता शिकवता त्यांना वाटू लागले की या देशातील दारिद्र्याचे मूळ शेतात आहे आणि आपल्याला शेतीतले काही कळत नाही. मग पस्तिशीच्या सुमारास ते अमेरिकेला परतले, ओहायोत विद्यार्थी होऊन शेतीशास्त्राची पदवी घेतली आणि यमुनेकाठच्या नैनीला, धुपून गेलेल्या जमिनीवर, कृषी संस्था उभारली. १९१० हे तिचे स्थापनावर्ष मानले जाते. त्यांचे 'द गॉस्पेल अँड द प्लाऊ' हे पुस्तक १९२१चे. आपल्याला येत नाही हे ओळखून पुन्हा बाकावर जाऊन बसणारे त्यांच्यासारखे फार थोडे. मिशनांच्या गोष्टींत साहेबांची नावे येतात. मोट हाकणारा, बारे देणारा माळी मात्र बहुधा बिननावाचा राहतो. खरे शिक्षण त्याच्याकडून झाले असणार, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे अलीकडच्या काळात ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे ओळखली ती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी. १९९०च्या दशकातील पाणलोट कार्यक्रमात मोठा निधी मिळण्याआधी गावाने एक छोटा ओघळ स्वतःच्या हातांनी, श्रमदानाने बांधून दाखवायचा असे. आधी शिकायचे, पैसे नंतर.

आता त्या खारट विहिरीकडे परत येऊ, कारण तिथे हेन्स्लो पुन्हा भेटतात. १८४३ मध्ये त्यांनी सफोकच्या शेतकऱ्यांना वृत्तपत्रातून पत्रे लिहिली. शेणखताच्या ढिगातून अमोनिया उडून जातो आणि जिप्सम घातले तर तो अडकून राहील, असे लीबिग यांनी सुचवले होते. हेन्स्लोंचे म्हणणे होते की माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच दोन ढीग करा, एकात जिप्सम घाला, एक तसाच ठेवा, आणि फरक मोजून मला कळवा. शेतकऱ्यांना प्रयोग करायला लावण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

खारपाणपट्ट्यात जिप्समचे काम वेगळे आहे. या काळ्या मातीच्या कणांवर सोडियम चिकटून बसतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, भिजल्यावर चिखलाचा थर होतो आणि पाणी खाली मुरत नाही. न मुरल्यामुळे मीठही धुऊन जात नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण पुन्हा गुठळ्या धरतात. शिक्षक मित्रांना हे वर्गात दाखवता येईल. दोन काचेच्या पेल्यांत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्या. एकात चिमूटभर जिप्सम विरघळवा. दोन्हींत वाळलेल्या मातीचे वाटाण्याएवढे ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. सोडियमयुक्त माती असेल तर साध्या पाण्यातील ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरतो आणि तासन्‌तास टिकतो. जिप्समच्या पेल्यात पाणी बरेच स्वच्छ राहते. विहिरीचे खारट पाणी या प्रयोगाला वापरू नका. त्यातील क्षारांमुळेही कण खाली बसतात आणि फसगत होते.

आम्ही त्या आवारात हा प्रयोग केला तेव्हा साध्या पाण्याच्या पेल्यात ढग आला. मुलांनी मोबाईलवर फोटो काढले. पण जिप्सम घालून उपयोग तेव्हाच, जेव्हा मीठ धुऊन न्यायला गोड पाणी आणि निचरा असेल. म्हणजे प्रश्न पुन्हा पाण्यावर आला. आम्ही खडूने फरशीवर हिशेब मांडला. चर्चचे टिनाचे छप्पर साधारण १०० चौरस मीटर. पाऊस ७०० मिलिमीटर, वाया जाणारे वगळून हाती येणारे पाणी सुमारे ५६ हजार लिटर. एक गुंठा भाजीला उन्हाळ्यात रोज ७०० लिटर लागते, म्हणजे पाणी ऐंशी दिवसांत संपले. हिवाळ्यात साडेचारशे लिटरमध्ये भागते, म्हणजे सव्वाशे दिवस निघाले.

निवृत्त कंपाउंडर काका बराच वेळ फरशीकडे पाहत होते. दहा गुंठ्यांची आखणी त्यांनीच केलेली होती, चुन्याच्या रेघांनी. "म्हणजे एकच गुंठा. आणि उन्हाळ्यात बंद," ते म्हणाले.

त्या पावसाळ्यात त्यांनी खड्डा खणून त्यात शेततळ्याचा कागद अंथरला, छपराचे पाणी पन्हाळीने त्यात घेतले आणि बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून वर तुराट्यांचे ताटवे टाकले. उरलेल्या नऊ गुंठ्यांत जिप्सम आणि शेणखत घालून बांध घातले, म्हणजे पावसाचे पाणी थांबून मीठ खाली नेईल. तिथे भाजी कधी लावायची हे त्यांनी ठरवलेले नाही. दर जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पेल्याचा प्रयोग करून वहीत नोंद करायची, एवढे ठरले आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. एका गुंठ्यात पालक, मेथी, मुळा, थोडी वांगी होती. टाक्यातून पाणी कुणी किती घडे काढले आणि भाजी कुणी नेली याची वही शिक्षिकाबाईंकडे असते. आम्ही ती चाळली. मंडळीच्या बाहेरची नावे निम्म्याहून अधिक होती, आणि पाणी देऊ देऊ झाडे मेली म्हणणाऱ्या मावशींचे नाव प्रत्येक पानावर, पाण्याच्या रकान्यात.